कपाट आधी, प्लेअर नंतर

दक्षिण मुंबईतल्या त्या शोरूमचं दार बंद झालं आणि रस्त्यावरचा हॉर्न मधेच तुटला. आत जाड गालिचा, भिंतींना कापडी पॅनेलं, मागच्या बाजूला कमी-जास्त उंचीच्या लाकडी ठोकळ्यांची जाळी. खोलीच्या मधोमध एकच कोच आणि त्याच्यासमोर माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर. विक्रेत्या तरुणाने पातळ सुती हातमोजे चढवले, चंदेरी पेटीवरचं बटण दाबलं, आणि ॲल्युमिनियमचा ट्रे अगदी सावकाश, आवाज न करता बाहेर आला.

"चार सेकंद," काका घड्याळाकडे बघत म्हणाले. "एवढ्यात आमचा जुना प्लेअर गाणं सुरू करून मोकळा व्हायचा."

"सर, हे फील आहे," तरुण म्हणाला. मग त्याने किंमत सांगितली. नऊ लाख आणि वर थोडे.

संपादकबाईंनी यंदाच्या अंकासाठी 'घरातली यंत्रं' असा विषय काढला होता. वॉशिंग मशीन आणि मिक्सर बाकीच्यांनी आधीच पटकावले होते. मला म्हणाल्या, "तुम्ही असं यंत्र घ्या, जे विकत घेताना शहाणी माणसंही हुरळतात." त्याच सुमारास पुण्याच्या आमच्या या काकांचा वीस वर्षं चाललेला सीडी प्लेअर बंद पडला. काका वीज मंडळातून निवृत्त झालेले इंजिनिअर. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर चांगले, गाणं ऐकण्याची सवय पन्नास वर्षांची. सिंगापूरच्या मुलीने फोनवर सांगितलं, "बाबा, आता एकदाच घ्या, पण उत्तम घ्या." उत्तम म्हणजे काय, हे शोधायला काका निघाले आणि मी त्यांच्यामागे.

"सीडी? ती अजून मिळते?" हा प्रश्न वाटेत ज्याने त्याने विचारला. मिळते. ती वाजवणारी यंत्रंही मिळतात, फक्त बाजाराचा मधला भाग गळून पडला आहे. कॉम्प्युटरमधला ड्राइव्ह गेला, मोटारीतला गेला, टीव्हीखालचा डीव्हीडी प्लेअरही गेला. उरली ती वरची फळी, आणि तिथेही सगळं आलबेल नाही. स्कॉटलंडच्या लिन कंपनीने सीडी प्लेअर बंद करत असल्याचं २००९ मध्येच जाहीर केलं. ओप्पो डिजिटलचे डिस्क प्लेअर जगभरच्या शौकिनांनी डोक्यावर घेतले होते. त्या कंपनीने २०१८ मध्ये गाशा गुंडाळला. आणि तरीही टेक्निक्सने २०१९ मध्ये एसएल-जी७००, मरँट्झने २०२० मध्ये एसएसीडी ३०एन, टीॲकने २०२३ मध्ये व्हीआरडीएस-७०१ असे नवे प्लेअर आणले. एसोटेरिक, ॲक्युफेज, लक्समन ही मंडळी तर थांबलेलीच नाहीत. ही जवळपास सगळी नावं जपानी आहेत, आणि त्याला कारण आहे. संगीत हातात धरता येईल अशा वस्तूच्या रूपात विकत घेणारं गिऱ्हाईक तिथे अजून मोठ्या संख्येने आहे.

प्रकाशाने वाचायची रेघ

नऊ लाख नेमके कशाचे, हे कळायला आधी पेटीच्या आत डोकवावं लागतं.

सीडीवर एकच सलग रेघ असते. मधल्या भोकाजवळ सुरू होऊन वळसे घेत कडेकडे जाणारी. दोन वळशांमधलं अंतर १.६ मायक्रॉन. ही रेघ उलगडून सरळ केली तर सव्वापाच किलोमीटरच्या आसपास भरते. तिच्यावर अर्धा मायक्रॉन रुंदीचे लहान-मोठे उंचवटे आहेत आणि ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर त्यांच्यावरून धावतो. रेघ डोळ्यांखालून सारख्याच वेगाने जावी म्हणून तबकडी सुरुवातीला मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि कडेशी पोचेपर्यंत २०० वर येते. घरातली कोणतीही सीडी अगदी सपाट नसते. फिरताना ती अर्धा मिलिमीटरपर्यंत वरखाली होऊ शकते, आणि लेन्सला फोकस धरायचा असतो तो एक-दोन मायक्रॉनच्या आत. म्हणून लेन्स दोन बारीक कॉइलच्या जोरावर सतत नाचत असते. पन्नास रुपयांच्या सेकंडहँड डिस्कमनमध्येही हे सगळं घडतं, हा मला या साऱ्या प्रकरणातला खरा चमत्कार वाटतो.

वाचताना चुका होतातच. धूळ असते, बोटांचे ठसे असतात, ओरखडे असतात. फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून हे तंत्र ठरवलं, तेव्हा चूक होणार हे गृहीत धरूनच पुढची आखणी केली. संगीताचे आकडे रेघेवर ओळीने न लिहिता विखरून लिहिले आणि सोबत जादा आकडे घातले. त्यासाठी १९६० मधलं रीड-सॉलोमन नावाचं गणित कामी आलं. सलग अडीच मिलिमीटरचा तुकडा वाचता आला नाही तरी हरवलेले आकडे पुन्हा जसेच्या तसे काढता येतात. अंदाजाने नाही, नेमके. नुकसान त्याहून मोठं असेल तेव्हाच यंत्र आजूबाजूच्या आकड्यांवरून मधली जागा भरतं, आणि तेही जमलं नाही तर क्षणभर गप्प होतं. म्हणजे धडधाकट सीडी साध्या प्लेअरने वाचली काय आणि नऊ लाखांच्या प्लेअरने वाचली काय, हाती येणारे आकडे तेच. सेकंदाला ४४,१०० नमुने, दोन बाजूंचे वेगवेगळे, प्रत्येक १६ बिटचा.

४४,१०० हा विचित्र आकडा तरी कुठून आला? त्या काळी एवढी माहिती साठवायला व्हिडिओ टेपशिवाय सोयीचं दुसरं काही नव्हतं. अमेरिकी-जपानी पद्धतीत पडद्याच्या २४५ ओळी, ओळीला तीन नमुने आणि सेकंदाला ६० क्षेत्रं (पडद्यावरची अर्धी-अर्धी चित्रं), यांचा गुणाकार ४४,१००. युरोपच्या पद्धतीत २९४ ओळी, तीन नमुने, ५० क्षेत्रं; उत्तर तेच. दोन्ही खंडांच्या टेपवर बसला म्हणून हा आकडा निवडला गेला. सीडीचा आकार बीथोव्हनच्या नवव्या सिंफनीसाठी वाढवला, ही गोष्ट मात्र मी जपूनच सांगतो. फिलिप्सच्या बाजूने या कामात असलेले केस स्काउहामर इमिंक यांनीच तिच्यावर शंका घेतली आहे. सिंफनीमुळे असो वा धंद्यातल्या डावपेचांमुळे, १२ सेंटिमीटर आणि ७४ मिनिटं ठरली, आणि त्याचा फायदा आपल्या ख्यालाला झाला. ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डवर साडेतीन मिनिटांत राग उरकावा लागे. लाँग प्ले आली तरी वीस-पंचवीस मिनिटांनी उठून बाजू पालटावी लागे. विलंबित आणि द्रुत मधे न तुटता घरात आले ते सीडीवर.

पेटी एक की दोन

शोरूममधल्या तरुणाने दुसऱ्या कोपऱ्यात नेलं. तिथे एका प्लेअरच्या चार पेट्या झाल्या होत्या. एकीत फक्त तबकडी फिरते, तिला ट्रान्सपोर्ट म्हणतात. दुसरीत आकड्यांचा आवाज होतो, ती डॅक. तिसरीत घड्याळ. चौथीत नुसता वीजपुरवठा. काकांनी चौथी पेटी हाताने उचलून पाहिली आणि खूश झाले. ट्रान्सफॉर्मर बघितला की त्यांचा चेहरा खुलतो.

घड्याळाचं प्रकरण समजून घेण्यासारखं आहे. आकडे बरोबर असून भागत नाही, प्रत्येक आकडा आपल्या क्षणी बाहेर पडावा लागतो. तबल्याचे बोल सगळे बरोबर आहेत पण मात्रा किंचित पुढेमागे पडतायत, तर ठेका बिघडतो. डॅकमधली ही डळमळ म्हणजे जिटर. मात्र आपण बोलतोय ते सेकंदाच्या अब्जाव्या भागाबद्दल. संगीत ऐकताना कानाला जिटर जाणवायला तो दहा-वीस नॅनोसेकंद तरी असावा लागतो, असं प्रयोगांतून दिसलं आहे. नीट बनवलेल्या आजच्या प्लेअरमध्ये तो त्याच्या कितीतरी खाली, पिकोसेकंदांत मोजावा लागतो.

आणि यातच एक मजा दडलेली आहे. एकाच पेटीच्या प्लेअरमध्ये डॅकला लागून एक घड्याळ असतं. तबकडीवरून आलेले आकडे आधी थोडे साठवले जातात आणि त्या घड्याळाच्या तालावर बाहेर सोडले जातात. तबकडी थोडी अडखळली तरी डॅकला पत्ता लागत नाही. पेट्या दोन केल्या की आकडे तारेतून जातात, आणि नेहमीच्या जोडणीत वेळेची खूणही त्याच तारेतून जाते. ती पलीकडे पुन्हा हुडकून काढावी लागते. म्हणजे पेटी फोडून अडचण निर्माण करायची आणि मग ती सोडवायला तिसरी पेटी विकायची. तरुणाला हे मी जरा सौम्य शब्दांत विचारलं. तो मनमोकळं हसला. "सर, पण दिसतं भारी."

दिसतं भारी, हे खरंच. आणि सगळी कारागिरी दिखाऊ नाही, हेही नोंदवलं पाहिजे. टीॲक आणि त्यांची उंची शाखा एसोटेरिक १९८७ पासून व्हीआरडीएस नावाची यंत्रणा बनवतात. तिच्यात सीडी नुसती मध्यावर धरली जात नाही. सीडीएवढ्याच व्यासाच्या जड, किंचित खोलगट चकतीवर ती दाबून बसवली जाते. वाकडी सीडी सरळ होते, थरथर मरते, लेन्सला कमी नाचावं लागतं. जपानच्याच सीईसी कंपनीने तबकडी पट्ट्यावर फिरवणारे ट्रान्सपोर्ट केले. अशा यंत्रांनी आकडे बदलत नाहीत, पण लेन्सवरचा ताण कमी होतो आणि यंत्र शांत चालतं. तंबोऱ्याच्या पहिल्या झंकारामागे पेटीतून घरघर आली तर रात्री दहाच्या शांत खोलीत ती ऐकू येते. स्वस्त प्लेअर आणि चांगला प्लेअर यांतला मला सर्वांत आधी कळलेला फरक हाच, आणि तो स्पीकरमधून येतच नव्हता.

काकांचा मल्टिमीटर

पुढच्या भेटीला काका पिशवीत मल्टिमीटर घेऊन आले. सोबत घरी तयार केलेली एक सीडी, जिच्यावर फक्त १०० हर्ट्झचा सूर होता. शोरूमच्या मालकांना त्यांनी विनंती केली: नऊ लाखांचा प्लेअर आणि सव्वा लाखाचा प्लेअर, दोन्ही एकाच ॲम्प्लिफायरला लावा.

सीडी प्लेअरची कमाल पातळी रूढीने दोन व्होल्टच्या आसपास असते. काही महागडे प्लेअर ती थोडी चढी ठेवतात. काकांनी स्पीकरच्या टोकांना मीटर लावला तेव्हा महागड्या पेटीचा सूर स्वस्त पेटीच्या एक पूर्णांक दोन पट निघाला. डेसिबलमध्ये हा फरक दीडच्या जरा वर. इतका फरक कानाला "मोठा" म्हणून जाणवत नाही. तो "मोकळा", "खोल", "जिवंत" म्हणून जाणवतो. कोचावर बसलेला माणूस हे शब्द अगदी प्रामाणिकपणे उच्चारतो आणि चेकबुक काढतो. यात विक्रेत्याची लबाडी असलीच पाहिजे असं नाही. त्यालाही तसंच ऐकू येत असतं.

१०० हर्ट्झच का, असं मी विचारलं. "साधा मल्टिमीटर पन्नास सायकलच्या विजेसाठी बनवलेला असतो. हजार हर्ट्झवर तो काय वाट्टेल ते दाखवेल." वीज मंडळ निवृत्त होत नाही.

पातळी समान केली. एकाच गाण्याच्या दोन सीडी दोन्ही प्लेअरमध्ये एकदम सुरू केल्या आणि ॲम्प्लिफायरचं बटण मी फिरवत राहिलो. काका पाठमोरे बसले. किशोरीताईंचा आलाप, मग सारंगी, मग एक जॅझ त्रयी. कोणता प्लेअर वाजतोय हे त्यांना सांगता येईना. मालकांनी स्वतः बसून पाहिलं. त्यांनाही येईना, आणि त्यांनी ते दिलखुलासपणे मान्य केलं. एका खोलीतल्या एका दुपारवरून सिद्धांत मांडू नये. पण या विषयावर शिस्तीत केलेलं कामही आहे. अमेरिकेत ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी सुपर ऑडिओ सीडीसारख्या उच्च दर्जाच्या तबकड्यांचा आवाज एकदा थेट आणि एकदा साध्या सीडीच्या १६ बिटमधून गाळून लोकांना ऐकवला. पाचशेहून जास्त चाचण्या झाल्या, आणि बरोबर उत्तरं आली निम्मी, म्हणजे नाणं उडवून येतील तेवढीच. २००७ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा शौकिनांत मोठा गदारोळ उडाला.

त्या निबंधातली दुसरी गोष्ट मात्र फारसं कोणी सांगत नाही. सुपर ऑडिओच्या कित्येक तबकड्या सीडीपेक्षा खरोखर चांगल्या वाजतात, असंही त्यांनी नोंदवलं. कारण तबकडीचं तंत्र नाही. कारण त्या बनवताना घेतलेली मेहनत. मूळ टेप शोधणारा, आवाज दाबून सपाट न करणारा, घाई नसलेला कोणीतरी माणूस तिथे बसलेला असतो. पण मेहनतीपेक्षा जादूवर विश्वास ठेवायची हौस जुनी आहे. नव्वदच्या दशकात सीडीची कड हिरव्या मार्करने रंगवली की आवाज सुधारतो, अशी साथ आली होती. मार्कर तरी स्वस्त होता.

लॅमिंग्टन रोड

लॅमिंग्टन रोडच्या एका इमारतीत, जिन्याखालून वळून गेल्यावर, दुरुस्तीचं एक छोटं दुकान आहे. टेबलावर उघडलेले चार प्लेअर, भिंतीला सुट्या लेन्सच्या पुड्या, कोपऱ्यात धूळ खाणारे डेक. मालक चाळीस वर्षं हेच काम करतायत. शोरूममध्ये आवाजावर बोलणं होतं, इथे फक्त मरणावर.

"काका, सीडी प्लेअर कशाने जातो सांगू? तीन गोष्टींनी. लेन्स जाते, मोटर जाते, ट्रेचा बेल्ट ढिला पडतो. आयसी क्वचित जाते." मुंबई-कोकणच्या दमट हवेत लेन्सवर बुरशीचा पापुद्रा धरतो, सरकपट्टीवरचं ग्रीस वाळून घट्ट होतं, बेल्टचं रबर चिकट होतं. निम्मे "मेलेले" प्लेअर नुसत्या साफसफाईने उठतात, असं ते म्हणाले.

बाकीच्या निम्म्यांचं काय, हा खरा प्रश्न. जगात शेकडो नावांचे सीडी प्लेअर झाले, पण त्यांच्या पोटातल्या लेसरच्या यंत्रणा बनवणारे मोजकेच. सोनीची केएसएस-२१३ ही लेन्स स्वस्त टू-इन-वनमध्येही होती आणि प्रतिष्ठित कंपन्यांच्या महागड्या प्लेअरमध्येही. तिच्या नकला आजही मिळतात. काही चालतात, काही महिन्याभरात रडतात. फिलिप्सच्या सुरुवातीच्या यंत्रणांना तर लोक अजून शोधत येतात. धातूचं ओतीव अंग, काचेची लेन्स, आणि रेकॉर्ड प्लेअरच्या दांडीसारखा झुलणारा हात. सोबत टीडीए१५४१ए ही डॅकची चिप असेल तर जुन्या पेटीला नव्या पेटीचा भाव येतो. पुढे फिलिप्सने सीडी-प्रो-टू ही यंत्रणा बनवायची थांबवली तेव्हा तिच्यावर विसंबलेल्या युरोपातल्या अनेक छोट्या कंपन्या अडचणीत आल्या. व्हिएन्नात फिलिप्समधूनच बाहेर पडलेल्या इंजिनिअरांनी स्ट्रीम अनलिमिटेड ही कंपनी काढली होती; तिने नुसत्या सीडीसाठी नवी यंत्रणा केली आणि बऱ्याच जणांचा जीव भांड्यात पडला.

सुपर ऑडिओ सीडीचं दुखणं आणखी वेगळं आहे. १९९९ मध्ये आलेल्या या तबकडीला ६५० नॅनोमीटरचा लेसर लागतो, साध्या सीडीला ७८०. दोन्ही वाजवायच्या तर एका यंत्रणेत दोन डोळे हवेत. असे जुने प्लेअर इथे येतात तेव्हा मालक आधीच हात जोडतात. असली लेन्स मिळत नाही, नक्कल धड चालत नाही.

"लोक काय विचारतात? आवाज कसा आहे. विचारायला काय पाहिजे? दहा वर्षांनी लेन्स कुठून आणणार." जपानच्या ॲक्युफेजसारख्या काही कंपन्यांनी आपली जुनी यंत्रं सांभाळण्याबद्दल नाव कमावलं आहे. पण जपानमधला वर्कशॉप कितीही दयाळू असला तरी वीस किलोची पेटी पुण्याहून तिथे पाठवून परत आणायची म्हणजे जहाज आणि कस्टम आले.

निघताना त्यांनी आणखी एक ताकीद दिली. जपानमधून थेट येणारे वापरलेले प्लेअर स्वस्त आणि देखणे असतात, पण ते १०० व्होल्टचे. कोणीतरी हौसेने आपल्या २३० च्या सॉकेटमध्ये खुपसतं आणि धूर काढतं. असे दोन ट्रान्सफॉर्मर त्यांनी जपून ठेवलेत, गिऱ्हाइकांना दाखवायला.

कपाट

परत पुण्याला आलो आणि जे सर्वांत आधी करायला हवं होतं ते काकांनी आता केलं. कपाट उघडलं.

एका माणसाची पन्नास वर्षांची आवड त्या फळ्यांवर होती. एचएमव्हीच्या सीडी, पुण्याच्या अलूरकरांनी काढलेल्या दुर्मीळ गायकांच्या, लंडनच्या नवरस रेकॉर्ड्सनी बांधलेल्या मैफली, नाट्यसंगीत. काही डब्यांवर अजून ऱ्हिदम हाऊसची चिकटपट्टी. काळा घोड्याचं ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं. सुपर ऑडिओच्या मोजून तीन, तिन्ही मुलीने आणलेल्या. त्यांतली एक विश्वमोहन भट आणि राय कूडर यांची 'अ मीटिंग बाय द रिव्हर'. ग्रॅमी मिळालेली ही जुगलबंदी कॅलिफोर्नियातल्या एका चॅपलमध्ये ध्वनिमुद्रित झाली होती. हिंदुस्थानी संगीतासाठी सुपर ऑडिओचा प्लेअर घेणाऱ्याला हे गणित स्वच्छ दिसायला हवं. वाजवायला तबकड्याच नाहीत.

एक फळी ७८ च्या रेकॉर्डवरून केलेल्या सीडींची होती. अब्दुल करीम खाँ, केसरबाई, नारायणराव व्यास. इथे प्लेअरला करण्यासारखं काहीच नसतं. रेकॉर्ड चुकीच्या वेगाने फिरवून सीडीवर उतरवली असेल तर गायकाची पट्टीच सरकते. खरखर घालवायच्या नादात कोणी आवाजाचं तेजही पुसलं असेल, तर ते नऊ लाखांनी परत येत नाही. एकाच ध्वनिमुद्रणाच्या दोन वेगळ्या आवृत्त्या काकांनी लावल्या. दोन प्लेअरमध्ये न सापडलेला फरक या दोन सीडींमध्ये स्वयंपाकघरातून कळत होता. काकूंनी तिथूनच सांगितलं, "दुसरी लावा, पहिलीत बाई सर्दीने गातायत."

सर्वांत खालच्या फळीवर खरा ठेवा होता. घरच्या सीडी. खासगी मैफलींची ध्वनिमुद्रणं आधी कॅसेटवर फिरली, मग २००० नंतर कॉम्प्युटरवर उतरवून एकमेकांना दिली गेली. वर स्केचपेनने राग, गायक, गाव. काहींवर हौसेने चिकटवलेली कागदी लेबलं, जी आता सुटायला लागली होती. कारखान्यात ठशाने दाबलेल्या सीडीत माहिती उंचवट्यांत असते; या सीडीत ती रंगद्रव्याच्या पातळ थरात भाजलेली असते. तो रंग उजेडाने आणि उकाड्याने फिका पडतो. शिवाय सीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे मैफलीचा शेवट कडेला येतो, आणि हाताळणीने खराब होते ती नेमकी कडच. विलंबित शाबूत आणि भैरवी अडखळतेय, अशा सीडी काकांकडे बऱ्याच निघाल्या. हातात धरताना लोक चमकती बाजू जपतात, पण माहितीचा थर छापील बाजूच्या लगेच खाली असतो. चमकत्या बाजूला १.२ मिलिमीटर प्लास्टिकची ढाल आहे. वरच्या बाजूला फक्त वार्निश.

काकांनी यातल्या सर्वांत वाईट सीडी निवडल्या, त्यांचा एक गठ्ठा केला आणि पुन्हा मुंबई गाठली. चंदेरी पेटीने त्यातल्या कित्येक ओळखल्याच नाहीत. पडद्यावर "नो डिस्क" दाखवून ट्रे शांतपणे बाहेर ठेवला. लेबलवाली सीडी तर मालकांनी आत घालूच दिली नाही. ते बरोबरच होतं, कारण सुटलेलं लेबल आत अडकलं तर यंत्र उघडावं लागतं. सव्वा लाखाच्या प्लेअरने त्यातल्या बहुतेक वाजवल्या. महाग यंत्र वाईट होतं असं नाही. ते दुसऱ्या कपाटासाठी बनलं होतं.

यंत्रणा, अक्षरं, रिमोट

यादी आता आपोआप छोटी झाली. सुपर ऑडिओ नको. एकच पेटी हवी. लेसरची यंत्रणा सुटी विकत मिळणारी हवी आणि ती कोणाची आहे हे विक्रेत्याला सांगता आलं पाहिजे. बाहेरून आकडे आत घ्यायची सोय हवी, म्हणजे उद्या यंत्रणा गेलीच तरी आतला डॅक कॉम्प्युटरसाठी वापरता येईल. कोचावरून वाचता येतील एवढी मोठी अक्षरं हवीत. शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण सत्तरीच्या माणसाला हातभर लांबून न दिसणाऱ्या निळ्या अक्षरांचे प्लेअर आजकाल लाखांना विकले जातात. रिमोटवर पुढे-मागे सरकवायचं बटण आहे का, हेही काकांनी पाहिलं. सत्तर मिनिटांचा एकच ट्रॅक असताना द्रुतपर्यंत जायचं असेल तर त्याशिवाय गत्यंतर नाही, आणि काही देखण्या रिमोटवर ते बटणच नसतं.

सगळं हार्ड डिस्कवर उतरवून प्लेअरची कटकटच का मिटवू नये, हे मी विचारून पाहिलं. काका तेही करतायत. खालच्या फळीपासून सुरुवात झाली आहे आणि नातू रविवारी मदतीला येतो. पण ऐकणार सीडीच. फोनवर राग लावला तर गायकाचं नाव येतं. तबल्यावर कोण, पेटीवर कोण, मागे तंबोऱ्यावर कोणती शिष्या बसली होती, हे येत नाही. ते पुस्तिकेत असतं. आणि एक सीडी लावली की माणूस ती संपेपर्यंत बसतो, असं त्यांचं म्हणणं. यावर माझं थोडं दुमत आहे. मी फोनवरही बसतो.

शेवटी घेतला तो युरोपातल्या एका लहान कंपनीचा, फक्त सीडी वाजवणारा, दीड लाखाच्या आतला प्लेअर. बिल करताना काकांनी मालकांकडून आतल्या यंत्रणेचा मॉडेल नंबर बिलावर लिहून घेतला आणि तीच यंत्रणा सुटी एक जादा मागवली. ती आता फडताळात कोरड्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत पडून आहे. दुकानात आजवर असं कोणी मागितलं नव्हतं. मालकांनी दोनदा विचारून खात्री केली.

त्या रात्री सिंगापूरहून फोन आला. "एवढंच? बाबा, बाकीच्या पैशांचं काय करणार?"

"पडदे," काका म्हणाले. दिवाणखान्यात मोझॅकची फरशी, समोर काचेची मोठी खिडकी, मागे उघडी भिंत. टाळी वाजवली की घणघणतं. मी तिथे बसलोय, त्यामुळे सांगू शकतो की सगळ्या प्लेअरमधला फरक एकत्र केला तरी त्या खिडकीएवढा होत नाही. जाड पडदा, स्पीकरसमोर एक गालिचा आणि मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट, एवढं ठरलं आहे. पडद्याच्या रंगावरून मात्र काकूंशी बोलणी अजून चालू आहेत.